निषेधाची तारीख

७ जुलै २०२३ या एकाच दिवशी वॉशिंग्टनमधून दोन घोषणा झाल्या. अमेरिकेने आपल्या रासायनिक अस्त्रांच्या साठ्यातले शेवटचे अस्त्र नष्ट केले, ही पहिली. केंटकी राज्यातल्या ब्लू ग्रास लष्करी आगारात सरिन वायू भरलेले एम-५५ जातीचे अखेरचे रॉकेट निकामी केले गेले आणि तीस हजार टनांहून मोठा विषारी साठा संपला. या कामात कित्येक वर्षे आणि अब्जावधी डॉलर गेले होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. दुसरी घोषणा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जेक सलिव्हन यांनी केली. युक्रेनला क्लस्टर बॉम्ब देण्याचे अमेरिकेने ठरवले होते.

क्लस्टर बॉम्ब म्हणजे काय, हे लाओसच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोठा बॉम्ब हवेत उघडतो आणि त्यातून शेकडो छोटे बॉम्ब खाली विखुरतात. बरेचसे लगेच फुटतात. उरलेले मातीत, गवतात, बांबूच्या बेटात तसेच पडून राहतात. अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, आणि तेही अमेरिकी जनतेला पत्ता लागू न देता. टेनिसच्या चेंडूएवढे ते गोळे आजही तिथे सापडतात. पोर खेळणे समजून उचलते, भंगार वेचणारा पिशवीत टाकतो, शेतकऱ्याची कुदळ नेमकी त्यावर पडते, कुणी थंडीत शेकोटी पेटवते आणि खाली गाडलेला गोळा तापून फुटतो. राजधानी व्हिएन्टिआनमधल्या ‘कोप’ नावाच्या पुनर्वसन केंद्रात जुने कृत्रिम पाय टांगून ठेवले आहेत. त्यांतले काही लोकांनी घरच्या घरी लाकडातून, बांबूतून आणि बॉम्बच्याच पत्र्यातून बनवलेले आहेत. पदावरचा अमेरिकी अध्यक्ष लाओसला पहिल्यांदा गेला तो २०१६ मध्ये. ओबामांनी तेव्हा सफाईसाठी नऊ कोटी डॉलर जाहीर केले.

हा इतिहास पाठीशी असताना २८ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या जेन साकी यांना विचारण्यात आले की रशिया क्लस्टर बॉम्ब वापरत असल्याच्या बातम्या आहेत, त्यावर काय म्हणणे आहे? हे खरे असेल तर तो युद्धगुन्हा ठरू शकतो, असे त्यांनी सांगितले. दोनच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी राजदूत लिंडा थॉमस-ग्रीनफील्ड यांनी आमसभेत या अस्त्रांना रणांगणावर जागा नाही, असे ठणकावले. नंतर त्या भाषणाच्या अधिकृत लेखी प्रतीत ते शब्द खोडण्यात आले. त्यानंतर दीड वर्षही उलटले नाही तोच सलिव्हन यांची ती घोषणा झाली, आणि आपली अस्त्रे रशियाच्या अस्त्रांपेक्षा कमी प्रमाणात न फुटता राहतात, असा आकडेवारीचा आधार तिला दिला गेला. एक टक्क्याहून अधिक गोळे न फुटणारी क्लस्टर अस्त्रे परदेशी देऊ नयेत, असा अमेरिकेचाच कायदा आहे. अध्यक्षांनी आपल्या अधिकारात तो बाजूला ठेवला.

युक्रेनची बाजू मला कळते आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. आक्रमण रशियाने केले. क्लस्टर बॉम्ब रशियाने आधी वापरले आणि शहरांवर वापरले. युक्रेन ते आपल्याच जमिनीवर, आपलीच जमीन परत मिळवण्यासाठी वापरणार होता. तोफगोळे संपत आले होते. घर वाचवणारा आणि घर फोडणारा यांना एका मापाने मोजणे हाही अन्यायच आहे. पण लढाई कुणाची न्याय्य, हा एक प्रश्न. अमुक अस्त्र माणसाने वापरावे का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर बुडवून टाकायचे नाही, एवढ्यासाठीच तर युद्धाचे नियम लिहिले गेले. ते फक्त अन्यायाने लढणाऱ्यासाठी लिहिलेले असते तर त्यांवर सही कुणीच केली नसती, कारण प्रत्येकाला आपले युद्ध न्याय्यच वाटते.

म्हणून कुठलेही सरकार कुठल्याही अस्त्राचा निषेध करते तेव्हा शब्द किती कडक आहेत ते मी पाहत नाही, तारीख पाहतो. ज्याचा निषेध करायचा तो त्या दिवशी आपला मित्र होता की शत्रू? त्या दिवशी बोलण्याने आपले काही जाणार होते की काहीच नाही?

या कसोटीवर सरदश्त आणि हलब्जा या दोन गावांची हकीकत लावून पाहावी. विषारी वायूच्या बाबतीत जगाने जे केले ते इतके उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

इराकने इराणवर १९८० मध्ये हल्ला केला आणि पुढे पायदळाच्या लाटा थोपवण्यासाठी मस्टर्ड वायू वापरायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अंतर्गत टिपणात इराक हा वायू जवळजवळ रोज वापरत असल्याची नोंद आहे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अध्यक्ष रेगन यांचे खास दूत डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादमध्ये सद्दाम हुसेन यांच्याशी हस्तांदोलन करत होते. ते चित्रीकरण पुढे जगाने पाहिले. मार्च १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणमध्ये जाऊन जखमा तपासल्या, नमुने घेतले आणि मस्टर्ड वायू व टाबुन हे मज्जातंतूंवर घाला घालणारे रसायन वापरल्याचे सिद्ध केले. अमेरिकेने त्याच महिन्यात निषेधाचे निवेदनही काढले. मात्र नोव्हेंबरात तिने इराकशी तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. कागदावरचा निषेध आणि व्यवहारातली मैत्री अशी शेजारी शेजारी नांदत राहिली. इराकच्या कारखान्यांना रसायने आणि यंत्रे पुरवणारे व्यापारी पश्चिम जर्मनीत होते, नेदरलँड्समध्ये होते, आणखीही देशांत होते. इराण हरला पाहिजे, यावर सगळ्यांचे एकमत होते.

सरदश्त हे इराणच्या वायव्य कोपऱ्यातले कुर्दांचे गाव. २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी त्याच्या वस्तीवर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. मस्टर्ड वायू लगेच मारत नाही. सुरुवातीला डोळे चुरचुरतात, काही तासांनी कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात, मग श्वासनलिका आतून सोलवटते. लोक अंगावर पाणी घ्यायलाही उशिरा धावले, कारण झाले काय तेच कळले नाही. शंभरावर माणसे मेली आणि हजारोंच्या फुप्फुसांत तो वायू कायमचा राहिला. त्यांतले अनेक जण आजही इनहेलर आणि प्राणवायूच्या नळकांड्यावर जगतात. इराणवर निर्बंध आवळले जातात तेव्हा या माणसांची औषधेही महागतात किंवा मिळेनाशी होतात. जगातल्या किती लोकांनी सरदश्तचे नाव ऐकले आहे?

त्यानंतर नऊ महिन्यांनी, १६ मार्च १९८८ रोजी, हलब्जा. हे गाव इराकमधलेच, तेही कुर्दांचे. इराणी फौजा तिथे पोचल्या होत्या. इराकी विमानांनी आपल्याच नागरिकांवर मस्टर्ड आणि मज्जातंतू लुळे करणारे वायू सोडले. वाचलेल्यांनी सफरचंदाच्या वासाची आठवण सांगितली आहे. मृतांची संख्या सर्वसाधारणपणे पाच हजार धरली जाते. छायाचित्रकार तिथे पोचले आणि उंबरठ्यावर, गल्लीत, लेकराला पोटाशी धरून पडलेली प्रेते जगाने पाहिली. त्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने काय म्हटले? या प्रकाराला काही अंशी इराणही जबाबदार असावा, असे. सुरक्षा परिषदेने जवळपास दोन महिन्यांनी, ९ मे रोजी, ठराव क्रमांक ६१२ संमत केला. त्यात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा कडक निषेध आहे आणि दोन्ही बाजूंनी यापुढे ती वापरू नयेत अशी अपेक्षा आहे. इराकला एकट्याला दोषी ठरवणारे वाक्य मात्र त्यात नाही. जानेवारी १९८९ मध्ये पॅरिसला याच विषयावर दीडशेच्या आसपास देशांची परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यातही इराकचा उल्लेख नाही.

अमेरिकेच्या सीनेटमध्ये क्लेबोर्न पेल यांनी इराकवर निर्बंध घालणारे विधेयक आणले. सप्टेंबर १९८८ मध्ये सीनेटने ते एकमताने मंजूर केले, पण रेगन सरकारच्या विरोधामुळे त्याचा कायदा झाला नाही. इराकला शेतमालाच्या खरेदीसाठी मिळणारी कर्जहमी चालूच राहिली. त्या काळात रेगन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते कॉलिन पॉवेल.

मग सद्दामने कुवेत गिळले, मित्राचा शत्रू झाला आणि हलब्जा अचानक सगळ्यांना आठवू लागले. २००२-०३ मध्ये इराकवर चढाई करण्यासाठी जनमत तयार केले जात होते, तेव्हा ‘स्वतःच्या लोकांवर विषारी वायू सोडणारा’ हे सद्दामचे वर्णन अध्यक्ष बुश यांच्या भाषणांत पुन्हा पुन्हा आले. शब्द खरेच होते, फक्त पंधरा वर्षे उशिरा उच्चारलेले. रम्सफेल्ड आता संरक्षणमंत्री होते आणि पॉवेल परराष्ट्रमंत्री. १५ सप्टेंबर २००३ रोजी पॉवेल हलब्जाला गेले, तिथल्या स्मारकाच्या समारंभाला हजर राहिले आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलले.

त्या स्मारकाचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे फारसे कुणी लिहिलेले नाही. १६ मार्च २००६ ला, हत्याकांडाच्या स्मरणदिनी, हलब्जाच्याच लोकांनी ते जाळले. दरवर्षी पाहुणे येत, पुष्पचक्रे वाहत, मृतांच्या नावाने निधी आणि सहानुभूती गोळा होई. गावात मात्र रस्ते, पाणी, दवाखाना यांची रडकथा जशीच्या तशी होती. कुर्द नेत्यांविरुद्ध सुरू झालेल्या निदर्शनांवर गोळीबार झाला, त्यात एक कोवळा तरुण गेला. मेल्यानंतरही आपली माणसे दुसऱ्यांच्या कामाला लावली जातात, याची इतकी चीड दुसऱ्या कुठल्या गावाने दाखवली असेल असे मला वाटत नाही.

हा रोग एकट्या अमेरिकेचा असे मात्र कुणी समजू नये. विषारी वायूचे चटके इराणइतके विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुणीच सोसले नाहीत. त्यामुळे २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळच्या घूता भागात सरिन वायूने शेकडो माणसे मेली तेव्हा तेहरानने सर्वांच्या आधी बोट रोखायला हवे होते. बोट रोखले गेले ते बंडखोरांकडे, कारण सीरियातले असद यांचे सरकार इराणचे दोस्त होते. रासायनिक अस्त्रे वाईट, एवढे सर्वसाधारण बोलून झाले. इराण-इराक युद्धाच्या अखेरीस इराणी फौजांची सूत्रे सांभाळलेले माजी अध्यक्ष रफसंजानी यांच्या तोंडून सीरियाच्या सरकारनेच हे केले अशा अर्थाचे शब्द निघाल्याची बातमी एका इराणी वृत्तसंस्थेने दिली, आणि नंतर ती बदलली. ज्याने स्वतः सोसले तो तरी खरे बोलेल, या भरवशालाही इथे तडा जातो. चार वर्षांनी सीरियातल्याच खान शेखूनमध्ये तोच प्रकार झाला. रशियाने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून चौकशीला सहकार्याची मागणी करणारा ठराव पाडला.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या बाबतीतही तसेच चालते. १७ मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतीन यांच्यावर अटक वॉरंट काढले, तेव्हा अध्यक्ष बायडन यांनी ते समर्थनीय ठरवले. त्याच न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गाझातल्या कृत्यांसाठी नेतान्याहू यांच्यावर वॉरंट काढले, तेव्हा बायडन यांनीच त्यावर संताप व्यक्त केला. पुढच्या फेब्रुवारीत ट्रम्प यांनी न्यायालयावरच निर्बंध घालण्याचा हुकूम काढला. दुसऱ्या अंगाने, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने घराघरांत शिरून बाराशेच्या सुमारास माणसे मारली आणि सुमारे अडीचशे पळवून नेली, त्या दिवशी ज्यांना निषेधाचा एक शब्द जड झाला, त्यांच्या गाझाबद्दलच्या अश्रूंनाही हीच तारखेची कसोटी लावावी लागते. गाझातल्या पोरांचे मरण त्याने तसूभरही हलके होत नाही.

आता आपल्याबद्दल. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. भारताने तत्काळ आणि खणखणीत निषेध केला. त्याच सुमारास, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. दिल्लीची जीभ तेव्हा अडखळली. ९ नोव्हेंबरला हंगेरीतून सोव्हिएत फौजा मागे घ्याव्यात आणि तिथे खुल्या निवडणुका व्हाव्यात, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा कृष्ण मेनन यांनी भारताचे मत विरोधात टाकले. तसे करणारा भारत हा एकटाच बिगर-साम्यवादी देश होता. नेहरू पुढे हंगेरीबद्दल स्पष्ट बोलले, पण वेळ गेली होती. या प्रकाराबद्दल जयप्रकाश नारायण यांनी नेहरूंना जाहीरपणे जाब विचारला. जयप्रकाशांना इजिप्तवरच्या हल्ल्याचाही राग होताच. एकाच आठवड्यातल्या दोन आक्रमणांना एकच शब्द वापरा, इतकी साधी त्यांची मागणी होती. आपल्या सार्वजनिक जीवनातल्या ज्या थोड्या प्रसंगांकडे मी ताठ मानेने बघतो, त्यांत हा एक आहे.

रासायनिक अस्त्रांच्या बाबतीतही आपला कागद कोरा नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्त निवेदन केले की आम्ही ही अस्त्रे बनवणार नाही, बाळगणार नाही, वापरणार नाही. पाच वर्षांनी रासायनिक अस्त्रबंदीचा जागतिक करार अमलात आला आणि सदस्य म्हणून आपल्याला खरे सांगावे लागले: भारताकडे हजार टनांहून अधिक मस्टर्ड वायू होता. सरदश्तच्या लोकांच्या फुप्फुसांत गेला तोच. तो २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली पूर्ण नष्ट करण्यात आला. कराराने जे सांगितले ते आपण केले, आणि त्याची नोंद मानानेच घ्यायला हवी. पण करार नसता तर तो साठा कधी उजेडात आला असता?

याच प्रश्नापाशी ‘सगळेच तसले, मग नियमांचे सोंग कशाला’ असे म्हणणारे माझ्याशी वाद घालतात. सोशल मीडियावर हा सूर आजकाल शहाणपणा म्हणून खपतो. मला तो मान्य नाही. ब्लू ग्रासमधले शेवटचे रॉकेट आणि आपला मस्टर्ड वायूचा साठा, दोन्ही नियमामुळेच संपले. इराकला रसायने विकणाऱ्या एका डच व्यापाऱ्याला २००५ मध्ये नेदरलँड्सच्याच न्यायालयाने युद्धगुन्ह्यात साथ दिल्याबद्दल तुरुंगात धाडले. स्वतःच्या नागरिकाला, स्वतःच्या देशात. २०२३ मध्ये अमेरिकेने क्लस्टर बॉम्ब द्यायचे ठरवले तेव्हा युक्रेनच्या पाठीशी उभ्या असलेल्या ब्रिटन, कॅनडा, स्पेन, न्यूझीलंड या मित्रदेशांनीही आपली सहमती नसल्याचे सांगितले. कंबोडियाच्या पंतप्रधानांनी आपल्या देशातल्या अपंगांची आठवण देऊन हे करू नका म्हणून विनवले. मित्राला विरोध, ऐन वेळी, नुकसान पत्करून. निषेध असा असतो. एक नियम दहा ठिकाणी मोडला जातो म्हणून अकराव्या ठिकाणी तो उपयोगाचा नाही, असे म्हणणाऱ्याने आधी अकराव्या ठिकाणच्या माणसांना विचारावे.

मात्र नियम झिजतात हेही खरे. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २०१० मध्ये अमलात आला. ६ मार्च २०२५ रोजी लिथुएनिया त्यातून बाहेर पडला. असे करणारा तो पहिला देश. त्याच वर्षी भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारातून निघण्याचा निर्णय फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी घेतला. रशियाच्या शेजारी राहण्याची त्यांची भीती खरी आहे. म्हणूनच हे अधिक चिंतेचे आहे, कारण भीती खरी असण्याच्या काळासाठीच तर त्यांनी तो शब्द दिला होता.

भारताची सही या दोन्ही करारांवर नाही. संसदेवरच्या १३ डिसेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ या सीमेवरच्या लष्करी जमवाजमवीत पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेलगत आपण सुरुंग पेरले. ते बऱ्याच ठिकाणी पिकाऊ शेतांत पेरले गेले. ते पेरताना आणि काढताना जवान जायबंदी झाले, आणि नंतर नांगर घेऊन गेलेले शेतकरी व चरायला सोडलेली जनावरेही. भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. युक्रेनच्या, लाओसच्या किंवा गाझाच्या जमिनीबद्दल आपण बोलतो तेव्हा या शेतांबद्दलही बोलायला हवे. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांतल्या एकाने तरी सरकारला दोन प्रश्न विचारावेत: क्लस्टर बॉम्ब आणि भूसुरुंग यांबाबतच्या करारांवर भारत कोणत्या अटींवर सही करेल, आणि तोवर आपल्या मित्रदेशाने ही अस्त्रे वापरली तर आपण काय बोलणार आहोत? उत्तर काहीही मिळो, ते सभागृहाच्या कामकाजात तारखेनिशी नोंदले जाईल.